कोरलच्या टँकमध्ये मोठा मासा: निवड कशी करायची

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावून सात-आठ महिने झाले, झोआ कोरल खडकावर पसरायला लागले, लेदर कोरल रोज नीट फुलू लागलं, क्लाउनफिशची जोडी आपल्या कोपऱ्यात रमली, की पुढची इच्छा ठरलेली असते: आता एक मोठा मासा हवा. ही इच्छा रास्त आहे. वीतभर लांबीचा टँग मासा खडकांमधून वळणं घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहू लागला की टँकचं रूपच पालटतं. पण चांगले चाललेले बरेच टँक बिघडतात तेही याच टप्प्यावर, कारण दुकानात मासा रंगावरून निवडला जातो. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी माशाचं तोंड, मग पूर्ण वाढ झाल्यावर होणारी लांबी, मग स्वभाव. हा क्रम सांभाळलात तर निम्मं काम झालं.

'मोठा' म्हणजे इथे पूर्ण वाढीनंतर १५ सेंटीमीटरच्या पुढे जाणारा मासा.

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन येतात. वाघाला जे संरक्षण आहे तेच ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या फांदीला आहे. मालवणहून, लक्षद्वीपहून किंवा मन्नारच्या आखातातून आणलेला कोरलचा तुकडा घरी ठेवू नका, दुकानदार काहीही सांगो. म्हणून हा लेख सॉफ्ट कोरलचा (दगडी सांगाडा नसलेल्या कोरलचा) टँक डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे: झोआ, मश्रूम, लेदर, झेनिया. परदेशात राहून एलपीएस-एसपीएस (मोठ्या आणि लहान पॉलिपचे दगडी प्रवाळ; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक छोटा जीव) ठेवणाऱ्या वाचकांना निवड थोडी जास्त कडक करावी लागेल. ते त्या त्या ठिकाणी सांगतोच.

पायरी १: आधी टँक मोजा, आणि खालची जमीनही

मोठ्या माशासाठी लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची. टँग दिवसभर पोहत असतो, त्याला सरळ धाव लागते. तीन फूट उंच आणि तीन फूट लांब टँकमध्ये पाणी भरपूर मावेल, पण त्याला चार शेपट्या मारल्या की वळावंच लागेल.

चार फुटी टँक म्हणजे साधारण ४ बाय दीड बाय दीड फूट, सुमारे २५० लिटर. यात एकच मोठा मासा आणि तोही मोठ्यांमधला लहान: टोमिनी टँग किंवा कोले टँग. टोमिनी १५-१६ सेंटीमीटरवर थांबतो, कोले १८ च्या आसपास. पाच फुटांत यलो टँग, स्कोपस टँग किंवा फॉक्सफेस यांतला एक ठेवता येईल. सहा फूट लांब, दोन फूट रुंद टँक असेल तर खऱ्या अर्थाने पर्याय खुले होतात: ब्लू टँग, स्वॉलोटेल एंजलची जोडी, ब्लू थ्रोट ट्रिगर. नासो टँग ४५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि डेसजार्डिनी सेलफिन ४० पर्यंत. त्यांना आठ फुटी टँक लागतो. तेवढा टँक नसेल तर ते घेऊच नका.

'आत्ता छोटा आहे, पुढे मोठा टँक घेऊ' हा विचार मनातून काढून टाका. क्रॉफर्ड मार्केटमध्ये अडीच इंचाचा ब्लू टँग गोड दिसतो, पण तोच ३० सेंटीमीटर होतो आणि चांगलं खाणं मिळालं तर पहिल्या वर्षातच झपाट्याने वाढतो. निवड पूर्ण वाढलेल्या माशाच्या मापावर करायची आणि टँक आज आहे तेवढाच धरायचा.

मोठ्या टँकच्या नादात वजनाचा विचार राहून जातो. सहा बाय दोन बाय दोनचा टँक काठोकाठ भरला तर पाणीच ७०० किलोच्या आसपास. त्यात १२ मिलिमीटर काचेचे सव्वाशे किलो, खडक आणि स्टँड मिळवलं की आकडा ९०० च्या पुढे जातो. हे सगळं वजन सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर येतं. आपल्याकडे राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलोचा वापरभार धरून आखलेला असतो. हा भार खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी जास्त वजन आलं म्हणून स्लॅब लगेच खचतो असं नाही. तरीही फ्लॅटमध्ये सहा फुटी टँक लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा. टँक भिंतीलगत, बीमच्या आधारावर यायला हवा. खोलीच्या मधोमध अजिबात नको.

पायरी २: माशाचं तोंड वाचायला शिका

माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मासा समुद्रात काय खातो हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवर लिहिलेलं असतं, आणि टँकमध्ये आणल्यावर ती सवय बदलत नाही. दुकानदार 'रीफ सेफ' म्हणेल, पण माशाच्या तोंडाकडे बघून तुम्हाला स्वतःला अंदाज बांधता आला पाहिजे.

टोमिनी आणि कोले टँगचे ओठ जाड असतात आणि आत फणीसारखे बारीक, लवचीक दात असतात. या दातांनी ते खडकावरचा शेवाळी थर आणि गाळ खरवडून घेतात. कोरलचा मांसल भाग कुरतडण्याजोगे ते दातच नव्हेत. म्हणून कोरलच्या टँकसाठी माझी पहिली पसंती याच गटाला. यलो टँग आणि स्कोपस यांचा गट वेगळा, झेब्रासोमा. त्यांचं तोंड पुढे काढलेलं आणि निमुळतं असतं, फटींमधलं उभं शेवाळ ओढून तोडायला सोयीचं. तेही कोरलला सहसा त्रास देत नाहीत. मात्र उपाशी राहिले तर एलपीएसच्या मांसल पॉलिपवर टोच मारून बघतात.

तोंड वरच्या बाजूला वळलेलं असेल तर तो मासा पाण्यात तरंगणारं प्लवक, म्हणजे बारीक जीव, टिपणारा आहे. ही खूण फार उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे बदनाम घराण्यांतले सज्जन मासे ओळखता येतात. ट्रिगरफिश म्हटलं की रीफ टँकवाले घाबरतात, आणि क्लाउन ट्रिगरच्या बाबतीत ती भीती शंभर टक्के खरी आहे. त्याचे जबडे खेकडे, शंख, काटेरी सी अर्चिन सगळं फोडतात. पण ब्लू थ्रोट ट्रिगर प्लवक खातो आणि कोरलकडे ढुंकून बघत नाही. नायजर ट्रिगरही त्याच वळणाचा. आपल्या अरबी समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात हा मासा मोठ्या संख्येने येतो. मात्र तो बराच मोठा होतो, ५० सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि मोठा झाल्यावर दांडगाई करतो. सहा फुटांत ब्लू थ्रोट, आठ फुटांशिवाय नायजर नाही.

एंजलफिशमध्येही हीच गोष्ट. इम्पेरेटर एंजल समुद्रात मुख्यतः स्पंज आणि तत्सम जीव खातो, टँकमध्ये त्याचं लक्ष झोआ आणि एलपीएसकडे वळतं. पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं. मोठा झाल्यावर पिवळे-निळे पट्टे आणि ४० सेंटीमीटर लांबी. त्या वर्तुळांना भुलून तो घेतला जातो आणि सहा महिन्यांत झोआंच्या वसाहती बोडक्या होतात. याउलट जेनिकँथस गटातले स्वॉलोटेल एंजल, म्हणजे लामार्क किंवा ब्लॅकस्पॉट, प्लवक खाणारे. कोरलला सुरक्षित मोठा एंजल हवा असेल तर याच गटात शोधा.

बटरफ्लायफिशमधले बरेच कोरलचे पॉलिप खातात, आणि त्यांतले काही कोरलशिवाय दुसरं काही खातच नाहीत. ते घरी आणणं म्हणजे एक तर कोरल गमावणं किंवा मासा उपाशी मारणं. कॉपरबँड हा अपवाद म्हणून सांगितला जातो. तो ॲप्टेशिया (टँकमध्ये तणासारखा माजणारा सी ॲनिमोन) खातो हे खरं, पण घरच्या खाण्यावर येईलच याचा भरवसा नाही, आणि पहिलाच मोठा मासा म्हणून तर मी तो कोणालाही सुचवणार नाही.

पफर आणि पॅरटफिश यांचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात, फोडण्या-खरवडण्यासाठी. सरळ वगळा. रुंद, मोठं तोंड असलेले ग्रूपर आणि लायनफिश कोरलला हात लावत नाहीत, पण तोंडात मावेल ते सगळं गिळतात: क्लाउन, क्लीनर श्रिंप, गोबी. ते ठेवायचे तर टँक त्यांच्यासाठीच आखावा लागतो.

पायरी ३: नवख्यासाठी कोणता?

एकच नाव विचाराल तर टोमिनी टँग. रंगाने साधा, पण खडक स्वच्छ ठेवतो, टँगांमध्ये स्वभावाने मवाळ, आणि चार फुटांत राहू शकणाऱ्या मोजक्या टँगांपैकी एक.

पाच फूट असेल तर फॉक्सफेस. पिवळाधमक, शांत, आणि बबल अल्गीसारखं (फुग्यांसारखं वाढणारं) इतर मासे टाळतात ते शेवाळही बऱ्याचदा खातो. त्याच्याबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात. पाठीवरचे काटे विषारी असतात, म्हणून टँकमध्ये हात घालताना तो कुठे आहे ते आधी बघायचं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. दुसरं, रात्री किंवा घाबरल्यावर त्याचं अंग काळपट-तपकिरी ठिपक्यांनी भरतं. तो आजार नव्हे, सकाळी दिवा लागला की रंग परत येतो. तिसरं, शेवाळ कमी पडलं तर तो झोआ चाखायला लागतो. त्याला रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) मिळालीच पाहिजे.

यलो टँग सगळ्यांना हवा असतो. तो मूळचा मुख्यतः हवाईचा. तिथल्या न्यायालयीन निकालांनंतर मत्स्यालयांसाठीच्या व्यापारी पकडीवर बंधनं आली आणि भाव चढले. दुसरीकडे, हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये हा मासा अंड्यापासून वाढवून दाखवला, आणि आता टँकमध्ये जन्मलेले यलो टँग बाजारात येतात. परवडत असेल तर तसाच घ्या. तो पेलेट खायला शिकलेला असतो, काचेच्या भिंतींना सरावलेला असतो आणि समुद्रातून एक मासा कमी होत नाही.

पावडर ब्लू टँग आपल्या हिंदी महासागराचा, मालदीव-लक्षद्वीपच्या खडकांवरचा, आणि दिसायला विलक्षण सुंदर. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला तो सगळ्यात लवकर बळी पडतो आणि इतर टँगांवर तुटून पडतो. पहिल्या दोन वर्षांत नको.

पायरी ४: दुकानात काय बघायचं

मासा तुमच्यासमोर खायला हवा. दुकानदाराला खाणं टाकायला सांगा. चांगला दुकानदार आनंदाने टाकतो. खात नसेल तर मासा कितीही देखणा असो, परत फिरा.

मग समोरून बघा. टँगचं पोट आत गेलेलं किंवा डोळ्यांच्या वर, पाठीच्या कण्याजवळ अंग चिमटलेलं दिसलं तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ल्यांची हालचाल शेजारच्या माशांपेक्षा जलद असेल तर वेलवेट किंवा फ्लूक या परजीवींचा संशय घ्या. पंखांवर तिरक्या उजेडात मिठाच्या कणांएवढे ठिपके दिसतात का ते बघा. आणि एकट्या त्या माशाला बघून थांबू नका: दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी एकच फिरत असतं, त्यामुळे शेजारच्या टाकीतला आजार तुमच्याही माशाला लागलेला असू शकतो. स्वॉलोटेल एंजल बरेचदा खोल पाण्यातून पकडलेले असतात आणि वर आणताना दाबातल्या फरकाने त्यांच्या वाताशयाला (तरंगण्यासाठीच्या हवेच्या पिशवीला) इजा होते. डोकं खाली घालून पोहणारा किंवा वर तरंगून जाणारा एंजल घेऊ नका.

मासा कोणत्या देशातून आला हेही विचारा. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे इंडोनेशियातही पसरली. बंदी असली तरी ती पुरती संपलेली नाही. असा मासा वरवर ठणठणीत दिसतो, खातोही, आणि काही आठवड्यांत जातो. नुसतं बघून हे कळत नाही. म्हणून आगाऊ पैसे देऊन मासा आठ-दहा दिवस दुकानातच ठेवायला सांगा. त्यात प्रवासाचा ताणही निघून जातो.

मुंबईहून कोल्हापूरला किंवा नागपूरला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मासा मागवत असाल तर थर्माकोलचा खोका, ऑक्सिजन भरलेली दुहेरी पिशवी, आणि निघण्याआधी एक-दोन दिवस खाणं बंद, एवढं पक्कं करून घ्या. टँगच्या शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असतो. तो जाळीत अडकतो, पिशवी फाडतो, हातही कापतो. त्याला जाळीऐवजी प्लास्टिकच्या डब्यात पकडायला सांगा.

पायरी ५: क्वारंटाइन

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, याला पर्याय नाही. मोठे मासे, विशेषतः टँग, क्रिप्टोकॅरिऑन (पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचा परजीवी) घेऊन येतात, आणि त्यावरचं खात्रीचं औषध तांबं. तांबं कोरल, श्रिंप, गोगलगाई सगळ्यांना मारतं आणि खडकांमध्ये मुरतं. म्हणजे आजार एकदा रीफ टँकमध्ये शिरला की तिथे औषध देता येत नाही. सगळे मासे बाहेर काढून टँक साधारण अडीच महिने माशांविना ठेवणं एवढाच मार्ग उरतो, कारण परजीवीच्या पुट्या तळाशी इतके दिवस जिवंत राहू शकतात.

तीन फुटी रिकामी काचेची टाकी, टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) आधीच मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे रुंद तुकडे, एवढं पुरतं. खडक आणि वाळू घालायची नाही. मासा यात किमान महिनाभर ठेवा. तांब्याचं औषध देत असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि त्याच प्रकारच्या तांब्यासाठी असलेल्या टेस्ट किटने रोज मोजा. अमोनियाही रोज मोजा, कारण मोठा मासा छोट्या टाकीचं पाणी फार लवकर खराब करतो.

पिशवी उघडण्याआधी खारटपणा मोजण्याची तयारी ठेवा. अनेक दुकानं पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० च्या आसपास. तुमचं १.०२५ असेल तर तशा माशाला थेट त्यात सोडू नका. क्वारंटाइनचं पाणी दुकानाच्या पाण्याइतकं करून घ्या आणि पुढे काही दिवसांत हळूहळू चढवा. खारटपणा कमी होणं मासा सोसतो, अचानक वाढणं सोसत नाही.

पायरी ६: टँकमध्ये सोडण्याचा क्रम

शांत मासा आधी, दांडगा शेवटी. फॉक्सफेस, स्वॉलोटेल आधी स्थिरावू द्या. ब्लू थ्रोट ट्रिगर नंतर. टँग सगळ्यात शेवटी. दोन टँग ठेवायचे असतील तर वेगळ्या बांध्याचे निवडा. एकाच ठेवणीचे दोन, म्हणजे यलो आणि स्कोपस, हमखास भांडतात, कारण दोघांचं खाणं आणि जागा एकच असते. टोमिनी आणि यलो हे त्यापेक्षा बरं जमतं.

नव्या माशाला दोन-तीन दिवस भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात टँकमध्येच लटकवून ठेवा. जुने मासे डब्यावर धडका मारून थकतात आणि मग त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. सोडल्यावरही मारामारी झाली तर काचेला बाहेरून आरसा लावा. दांडगा टँग आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला लपायची जागा शोधायला वेळ मिळतो. टँकवर बारीक जाळीचं झाकण मात्र हवंच. घाबरलेला मासा उडी मारतो.

पायरी ७: खाणं आणि पाणी

शाकाहारी माशांना रोज नोरी, साधी, तेल-मीठ न लावलेली, क्लिपमध्ये अडकवून. सुपरमार्केटमधली नोरी चालते. प्लवक खाणाऱ्यांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं: फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), बारीक चिरलेली कोळंबी, चांगले पेलेट. नुसत्या कोळंबीवर कोणालाही ठेवू नका.

खाणं वाढलं की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणार. सॉफ्ट कोरलना नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम चालतं, उलट शून्य पाण्यात ती आक्रसतात. माशांची विष्ठा कोरलचं अन्न आहे. ज्या कोरलच्या आडोशाला दिवसा ग्रंट माशांचे थवे विसावतात ती अधिक वेगाने वाढतात, असं कॅरिबियन समुद्रातल्या अभ्यासात १९८० च्या दशकातच दिसलं होतं. तेव्हा मोठ्या माशाला शत्रू मानू नका, फक्त स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टँकच्या मापापेक्षा एक पायरी मोठा घ्या.

आपल्याकडचा मे महिना वेगळा विचार मागतो. पाणी २५ ते २६.५ अंशांवर ठेवायला चिलर लागतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात वीज गेली की पहिले गुदमरतात ते मोठे मासे. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात तयार ठेवा.

मासा कोरल खायला लागला तर

आधी खाणं वाढवून आठवडाभर बघा. भुकेपोटी टोचत असेल तर थांबतो. चव लागली असेल तर थांबत नाही, मग काढावा लागतो. खडक उपसू नका. ॲक्रिलिकचा सापळा टँकमध्ये ठेवून दार उघडं सोडा आणि रोजचं खाणं त्यातच टाका. काही दिवसांत मासा आपसूक आत जायला लागतो, मग दार पाडायचं. काढलेला मासा कोण घेईल हे विकत घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवा. समुद्रात किंवा खाडीत कधीही सोडू नका. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर परका लायनफिश पहिल्यांदा सापडला. तो मत्स्यालयांतूनच सुटला असं मानलं जातं, आणि आज तो कॅरिबियनभर पसरून तिथल्या लहान माशांवर ताव मारतो आहे.